मुखवट्यामागचा माणूस

बुद्धीला रंग नसतो. बाजाराला मात्र तो फार लवकर दिसतो. अमेरिकेतील कृष्णवर्णीय संशोधक-उद्योजक गॅरेट मॉर्गन याची हकीकत पाहा.

गुलामगिरीतून सुटलेल्या आईबापांचा हा मुलगा. 1907 साली त्याने क्लीव्हलंड शहरात शिवणयंत्रे दुरुस्त करण्याचे दुकान थाटले. पुढे केस सरळ करण्याचे मलम काढले. ते त्याच्या समाजबांधवांनी उचलून धरले आणि त्याचे बस्तान बसले.

धुरात श्वास घेता यावा म्हणून त्याने एक टोप तयार केला. धूर वर चढतो, जमिनीलगतची हवा त्यामानाने स्वच्छ राहते; म्हणून टोपाची नळी खाली लोंबती ठेवली. 1914 साली पेटंट मिळाले. पण काळ्याचा माल घेणार कोण? मग विक्रेता म्हणून एक गोरा उभा राही आणि मॉर्गन तांबड्या इंडियनाचे सोंग घेऊन धुराने भरलेल्या तंबूत शिरे!

1916 साली ईरी सरोवराखालच्या बोगद्यात स्फोट झाला. मॉर्गन भावासह टोप घालून आत उतरला. माणसे बाहेर काढली. कीर्ती झाली, तसा वर्णही उघड झाला आणि काही गिऱ्हाइकांनी पाठ फिरवली. तरी गडी खचला नाही. 1923 साली त्याने रहदारीच्या खुणेच्या खांबाचे पेटंट मिळवले.

आपल्या जोतीराव फुल्यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांच्या मुक्ततेसाठी झटणाऱ्या अमेरिकनांना. बेड्या कायद्याने तुटल्या होत्या. दुकानाची पायरी मात्र मॉर्गनला मुखवटा घालूनच चढावी लागली.