ब्रिटनमधील दोन हिवाळे : १९४७ आणि १९६३

हिवाळ्याची तीव्रता तापमापकावर मोजली जाते. त्याचा आघात मात्र समाजाच्या तत्कालीन स्थितीवर अवलंबून असतो. या दृष्टीने ब्रिटनमधील १९४६-४७ व १९६२-६३ या हिवाळ्यांची तुलना उद्बोधक ठरते.

मध्य इंग्लंडच्या नोंदींनुसार १९६२-६३ च्या हिवाळ्याचे सरासरी तापमान उणे ०.३ अंश सेल्सिअस होते. १७४० नंतर इतका थंड हिवाळा तेथे झाला नव्हता. १९४६-४७ ची सरासरी १.१ अंश, म्हणजे तुलनेने सौम्य. तरीही अधिक हानी १९४७ मध्येच झाली. युद्धाने थकलेल्या देशात पावही शिधापत्रिकेवर मिळत होता, कोळसाखाणींचे राष्ट्रीयीकरण १ जानेवारीस नुकतेच झाले होते आणि वीजकेंद्रांतील साठे अपुरे होते. जानेवारीच्या अखेरीपासून रेल्वेमार्ग बर्फाखाली गेले. खाणीतून निघालेला कोळसा वीजकेंद्रांपर्यंत पोहोचेना. ७ फेब्रुवारीस इंधनमंत्री इमॅन्युएल शिनवेल यांनी देशाच्या मोठ्या भागातील उद्योगांचा वीजपुरवठा थांबविण्याची घोषणा केली. २० लाखांहून अधिक कामगार काही काळ बेकार झाले. (भारतातील सत्तांतराची मुदत ॲटली यांनी २० फेब्रुवारीस जाहीर केली, ती याच आठवड्यांत.) हिमवर्षाव आणि मार्चमधील पूर यांत मिळून सुमारे ४० लाख मेंढ्या दगावल्या.

१९६३ मध्ये हर्न बे येथे समुद्र गोठला, फुटबॉलचे सामने आठवडेच्या आठवडे रखडले, बेकारीही वाढली. पण उद्योग सरसकट बंद पडले नाहीत. शिनवेल यांच्यावर झालेली टीका म्हणूनच अनाठायी वाटत नाही. कोळशाच्या तुटवड्याचे इशारे त्यांना १९४६ मध्येच मिळाले होते. ऑक्टोबर १९४७ मध्ये ते खाते ह्यू गेट्स्केल यांच्याकडे गेले.