शरद ऋतूतील पक्षिशिकार, फावल्या वेळेची साधने आणि कायदा : बुलढाणा जिल्ह्याच्या विशेष संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

इतिहासलेखनात राज्यसत्ता, युद्धे, महसूल आणि चळवळी यांना जेवढे स्थान मिळाले, तेवढे माणसाच्या फावल्या वेळेला मिळाले नाही. वस्तुतः समाजातील कोणाला फुरसत होती, ती तो कशी घालवत होता आणि त्याच्या करमणुकीचा भार कोणावर पडत होता, या प्रश्नांतून समाजरचनेचे स्पष्ट दर्शन घडते. शिकार हा या दृष्टीने महत्त्वाचा विषय होय. वाघ-बिबट्यांच्या शिकारीविषयी विपुल लेखन झाले आहे. मात्र पावसाळा सरल्यावर मित्रमंडळींसह होणारी लावा, तित्तीर, पाणलावा व बदक यांची शिकार तुलनेने दुर्लक्षित राहिली. प्रस्तुत शोधनिबंधात बुलढाणा जिल्हा केंद्रस्थानी ठेवून या छंदाचा, त्याच्या साधनांचा आणि त्यास नियंत्रित करणाऱ्या कायद्यांचा विचार केला आहे.

उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

१) पक्षिशिकारीची भौगोलिक व ऋतुनिष्ठ पार्श्वभूमी स्पष्ट करणे. २) साधनांतील बदलाचा शिकारीच्या स्वरूपावर झालेला परिणाम तपासणे. ३) एकाच कृतीस एका वर्गासाठी 'छंद' आणि दुसऱ्यासाठी 'गुन्हा' ठरविणाऱ्या प्रक्रियेचा शोध घेणे. यासाठी प्रकाशित ग्रंथ व कायदे यांच्या आधारे वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

भूगोल आणि ऋतू

बुलढाणा जिल्ह्याचे तीन नैसर्गिक विभाग पडतात. उत्तरेस सातपुड्याच्या रांगा, मध्यभागी पूर्णेच्या खोऱ्यातील काळ्या मातीचा पायनघाट आणि दक्षिणेस अजिंठा डोंगररांगेवरील बालाघाटाचे पठार. मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव पायनघाटात. तर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार घाटावर. घाटावरील मुरमाड माळ, गवताळ पडीक जमिनी व ज्वारीची शेते हे लावा, तित्तीर, पखुर्डी, तणमोर यांसारख्या जमिनीवर वावरणाऱ्या पक्ष्यांस अनुकूल क्षेत्र. नद्यांचे डोह, गावतळी व लोणारचे सरोवर येथे पाणपक्षी उतरत.

आश्विन-कार्तिकात पाऊस थांबतो, गवत पिवळे पडू लागते, ज्वारी निसवते आणि कापसाची वेचणी सुरू होते. याच सुमारास उत्तरेकडून स्थलांतरित लावे, बदके व कांड्या करकोचे येऊ लागतात. पावसाळ्यात वाढलेली स्थानिक पक्ष्यांची नवी पिढीही तोवर उडती झालेली असते. दसरा-दिवाळीच्या सुट्ट्या आणि पावसानंतर चालू झालेल्या वाटा यांचीही त्यात भर पडते. शरद हा शिकारीचा हंगाम ठरण्यामागे पक्ष्यांचे जीवनचक्र, शेतीचे वेळापत्रक आणि माणसाची सवड या तिन्ही गोष्टी होत्या.

पूर्वपरंपरा : 'विनोद' आणि उपजीविका

दख्खनमध्ये पक्ष्यांशी निगडित करमणुकीची परंपरा जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या नावे असलेल्या, इ. स. ११३० च्या सुमारास रचलेल्या 'मानसोल्लास' ग्रंथात राजाच्या मनोरंजनाचे प्रकार 'विनोद' या संज्ञेखाली नोंदविले आहेत. त्यांत ससाण्यांकरवी शिकार करण्याचा श्येनविनोद, लाव्यांच्या झुंजींचा लावकविनोद आणि मृगयाविनोद यांचा समावेश आहे. पुढे मुसलमानी व मराठा सरदारवर्गानेही मृगयेस प्रतिष्ठेचे लक्षण मानले.

याच्या समांतर दुसरी परंपरा पारधी समाजाची होती. वऱ्हाडात फासेपारधी हे नाव त्यांच्या फाशांवरून पडले. घोड्याच्या केसांचे बारीक फासे ओळीने लावून त्यांकडे लावे-तित्तीर हाकणे, पिंजऱ्यातील पाळीव तित्तिराच्या आवाजाने रानातील तित्तिरास बोलावणे, शिकविलेल्या गाय-बैलाच्या आडोशाने सावजाजवळ पोहोचणे या त्यांच्या पद्धती होत्या. त्यांत दारूगोळा नव्हता. परंतु पक्ष्याचा आवाज, चाल, चरण्याची वेळ व विसाव्याची जागा यांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे सूक्ष्म ज्ञान होते. राजाचा 'विनोद' ग्रंथबद्ध झाला. पारध्याचे ज्ञान मात्र मौखिकच राहिले आणि साधनांचा हा असमतोल पुढील काळातही टिकला.

वसाहतकालीन बुलढाणा व शिकारीचे नवे रूप

१८५३ च्या तहान्वये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिले. दोन हजार फुटांहून अधिक उंचीवरील थंड हवेचे बुलढाणा हे पुढे जिल्ह्याचे ठाणे झाले. आजच्या जिल्ह्याची रूपरेषा १९०५ च्या पुनर्रचनेत खामगाव व जळगाव हे तालुके अकोल्यातून बुलढाण्यास जोडले गेल्यावर सिद्ध झाली. दरम्यान मुंबई-नागपूर लोहमार्ग १८६७ मध्ये नागपुरास पोहोचला व पायनघाट मुंबईशी जोडला गेला. १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या उपस्थितीत जलंब-खामगाव फाटा खुला झाला. हा मार्ग कापसासाठी होता. पण कापूस बंदराकडे नेणाऱ्या गाड्यांनी परतीच्या वाटेवर विलायती मालही आणला. बंदुका, काडतुसे, तंबूचे सामान, सायकली आणि पुढे ग्रामोफोन व कॅमेरे अशा वस्तूंना जिल्ह्यात येण्याचा मार्ग त्यामुळे सुकर झाला.

इंग्रज अधिकाऱ्याच्या दृष्टीने हिवाळी दौरा व शिकार या वेगळ्या गोष्टी नव्हत्या. सकाळी जमाबंदीची तपासणी, दुपारी दाद-फिर्याद आणि सायंकाळी तळ्याकाठी बंदूक असा दिनक्रम वसाहतकालीन प्रशासनात रूढ होता. गावाच्या दृष्टीने मात्र हा छंद फुकटचा नव्हता. हाकारे घालणे, ओझी वाहणे, दूध-चारा पुरविणे हे काम पाटलामार्फत गावकऱ्यांच्या अंगावर येई. सुगीच्या ऐन दिवसांत शेत सोडून हाक्याला जावे लागणे म्हणजे कुणब्याच्या वेळेवर साहेबाच्या फुरसतीचा कर बसण्यासारखे होते.

शिकार आणि पक्षिशास्त्र यांचे नातेही याच काळात जुळले. ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम हे १८८५ च्या राष्ट्रीय सभेच्या स्थापनेमुळे इतिहासाच्या अध्यापकांना परिचित आहेत. त्यांनीच मार्शल यांच्यासह भारतातील शिकारयोग्य पक्ष्यांवरील तीन खंडांचा ग्रंथ १८७९ ते १८८१ या काळात प्रसिद्ध केला. डॉ. सलीम अली यांचा प्रवासही १९०८ च्या सुमारास छर्ऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या, गळ्यावर पिवळा ठिपका असलेल्या चिमणीपासून सुरू झाला. तिची ओळख पटविण्यासाठी ते मुंबईच्या नॅचरल हिस्ट्री सोसायटीत गेले. पक्ष्याला नाव देण्यासाठी तो आधी मारावा लागे, असा तो काळ होता.

साधनांचा इतिहास

या छंदाचे स्वरूप बदलण्यात साधनांचा वाटा मोठा होता. ठासणीच्या बंदुकीत दारू मोजून ओतणे, बोळा ठासणे, छर्रे भरणे, पुन्हा बोळा बसविणे व शेवटी टोपी लावणे एवढे सोपस्कार प्रत्येक बारास करावे लागत. लाव्यांचा थवा उठला की दुनळीचे दोन बार झाल्यावर शिकाऱ्यास थांबावेच लागे. ही सक्तीची उसंत पक्ष्यांच्या पथ्यावर पडे. मागून उघडणारी, काडतुसाची बंदूक १८५१ च्या लंडन प्रदर्शनानंतर इंग्लंडमध्ये प्रसार पावली. १८७५ मध्ये बाहेरील घोडा नसलेली ॲन्सन-डीली रचना आली. शतकाच्या अखेरीस धूररहित दारू रूढ झाल्याने पहिल्या बारानंतर डोळ्यांपुढे येणारा धुराचा पडदाही नाहीसा झाला.

'बारा बोअर' हा शब्द पुढे वऱ्हाडी बोलण्यातही रुळला. एक पौंड शिशापासून समान आकाराच्या बारा गोळ्या होतील, त्यांतील एका गोळीच्या व्यासाएवढी नळी, असा त्याचा मूळ अर्थ आहे. लाव्यासाठी आठ क्रमांकाचा बारीक छर्रा, बदकासाठी चार-पाच क्रमांकाचा जाड छर्रा असे काडतुसांचे प्रकार होते. दुर्बीण, मोटार आणि दुसऱ्या महायुद्धानंतर जीप व झगझगीत प्रकाशझोत यांनी अंतर आणि अंधार या पक्ष्यांच्या उरलेल्या दोन ढालीही काढून घेतल्या. १९३८ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या उपस्थितीत भरतपूर येथे एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले. बुलढाण्यात असे राजेशाही मेळे नव्हते. तथापि तंत्राची दिशा तीच होती. पक्षी मिळविण्यासाठी लागणारे ज्ञान कमी झाले आणि साधनांची किंमत वाढली.

कायदा : छंद आणि गुन्हा

१८७८ च्या शस्त्र कायद्याने भारतीयांना बंदुकीसाठी परवाना सक्तीचा केला, तर युरोपियनांना त्यातून सूट मिळाली. वऱ्हाड हा तांत्रिकदृष्ट्या निजामाचा मुलूख असल्याने तेथे कायदे स्वतंत्र आदेशाने लागू होत. परंतु धोरणाचा आशय निराळा नव्हता. बंदूक साहेबाकडे जन्मसिद्ध हक्काने आली, तर देशमुख, सावकार, वकील व व्यापारी यांच्याकडे सरकारी मर्जीने आली. त्यामुळे परवान्याची बंदूक ही प्रतिष्ठेची खूण ठरली आणि शिकारीसाठी जमणाऱ्या मित्रमंडळीची सामाजिक कक्षाही आपोआप ठरली.

१८८७ च्या वन्यपक्षी संरक्षण कायद्याने विणीच्या हंगामात नगरपालिका व छावणी हद्दीत ताज्या मारलेल्या पक्ष्यांच्या विक्रीवर नियंत्रण आणले. १९१२ च्या कायद्याने लावा, तित्तीर, बदके, माळढोक, तणमोर, पखुर्डी आदींसाठी बंदीचा काळ जाहीर करण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांस दिला. या कायद्यांमागील संरक्षणाचा हेतू नाकारता येत नाही. परंतु बाजारात पक्षी विकणारा आणि हंगामात हौसेने पक्षी मारणारा यांपैकी पहिल्यावर त्यांचा रोख अधिक होता. दुसरीकडे १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने आणि १९११ च्या त्याच्या विस्तारित रूपाने भटक्या समाजांच्या संचारावरच पहारा बसविण्याची व्यवस्था केली. जगण्यासाठी फासे घेऊन माळावर फिरणारा पारधी संशयित ठरला आणि त्याच माळावर बंदूक घेऊन फिरणारा सद्गृहस्थ शौकीन म्हणविला गेला.

स्वातंत्र्यानंतर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी या जमाती विमुक्त झाल्या. पण त्यानंतर अवघ्या वीस वर्षांत, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने त्यांच्या पारंपरिक उपजीविकेचा पाया काढून घेतला. मूळ अधिनियमात लहान शिकारीच्या परवान्याची तरतूद होती. ती १९९१ च्या दुरुस्तीने संपुष्टात आली. कायद्याने या टप्प्यावर शौकीन व पारधी यांना समान लेखले. परंतु परिणाम समान नव्हता. एकाने छंद बदलला, दुसऱ्याने व्यवसाय, ज्ञान व अन्न तिन्ही गमावले.

बंदुकीकडून दुर्बिणीकडे

जिल्ह्यात १९९७ मध्ये ज्ञानगंगा व अंबाबरवा आणि २००० मध्ये लोणार ही अभयारण्ये घोषित झाली. २०२० मध्ये लोणार सरोवराचा रामसर यादीत समावेश झाला. शरदात आता तळ्याकाठी जमणाऱ्या मित्रमंडळींच्या हाती दुर्बीण, लांब भिंगाचा कॅमेरा व नोंदींसाठी भ्रमणध्वनी असतो. हा बदल निःसंशय स्वागतार्ह आहे. तथापि जुन्या छंदाच्या काही खुणा त्यातही दिसतात. महागड्या साधनांची चढाओढ आहे, दुर्मिळ पक्ष्यामागची धाव आहे आणि बंदुकीच्या जमान्यातील 'बॅग'ची जागा दिवसभरात पाहिलेल्या पक्ष्यांच्या संख्येने घेतली आहे.

शिकार थांबूनही माळढोक व तणमोर सावरले नाहीत, ही बाब विशेष विचारार्ह आहे. माळरानांचे शेतीत रूपांतर, कीटकनाशके, एकपीक पद्धती व वीजवाहिन्या यांनी बंदुकीपेक्षा खोल घाव घातले. ते करणाऱ्यांस कोणी शिकारी म्हणत नाही.

निष्कर्ष

१) बुलढाणा परिसरातील शरदातील पक्षिशिकार ही भूगोल, कृषिचक्र व सवड यांच्या संयोगातून घडलेली सामाजिक प्रथा होती.

२) साधनांतील प्रत्येक सुधारणेने पक्ष्यांस मिळणारी उसंत कमी केली आणि छंदास वर्गीय स्वरूप दिले.

३) वसाहतकालीन कायद्यांनी कृतीपेक्षा कर्त्याकडे पाहून छंद व गुन्हा यांतील सीमारेषा आखली. तिचे सामाजिक परिणाम कायदे बदलल्यानंतरही शिल्लक आहेत.

४) या इतिहासाची लिखित साधने प्रामुख्याने बंदूकधाऱ्यांची आहेत. पारधी समाजातील ज्येष्ठांकडील पक्ष्यांची नावे, आवाज, अधिवास व ऋतुमान यांविषयीचे ज्ञान नोंदविले गेले नाही, तर ते त्या पिढीबरोबर लुप्त होईल. महाविद्यालयांतील इतिहास, प्राणिशास्त्र व मराठी या विभागांनी एकत्रितपणे हे मौखिक संकलन हाती घेणे आवश्यक आहे. ज्ञान देणाऱ्यास त्याचे श्रेय व मोबदला देणे ही त्याची पहिली अट असावी. संवर्धनाच्या कामात पारध्यास आरोपी न मानता जाणकार म्हणून स्थान मिळाले, तरच या इतिहासातील जुना अन्याय काही अंशी दूर होऊ शकेल.