दृष्टान्तातील घर आणि मंडळीची वेस : ठाणे-कल्याण परिसराच्या संदर्भात एक वाचन

१

येशूचे दृष्टान्त ख्रिस्तमंडळीविषयी काय शिकवतात, असा प्रश्न विचारला की पहिली अडचण उभी राहते ती शब्दाची. ‘मंडळी’ या अर्थाचा ‘एक्लेसिया’ हा ग्रीक शब्द चारही शुभवर्तमानांत मिळून तीनदाच येतो, आणि तोही एकट्या मत्तयाच्या संहितेत (अध्याय १६ व १८). दृष्टान्तांमध्ये तर तो एकदाही नाही. तेथे आहे ते देवाचे राज्य. आणि त्या राज्याची रूपे आहेत शेत, जाळे, पंगत, मोहरीचा दाणा, पिठात कालवलेले खमीर. आल्फ्रेड लुआझी या फ्रेंच पंडिताने १९०२ साली हे अंतर नेमके दाखवले : येशूने वाट पाहायला लावली ती राज्याची, आणि आली ती मंडळी. लुआझीला स्वतःला ही घटना अटळ व स्वाभाविक वाटत होती, हे मात्र त्याचे वाक्य उद्धृत करणारे बहुधा विसरतात.

मराठीत ही अडचण आणखी बोलकी होते. प्रॉटेस्टंट परंपरेने ‘मंडळी’ म्हटले; त्यात माणसे आहेत, भिंती नाहीत. कॅथलिक परंपरेने ‘ख्रिस्तसभा’ म्हटले. त्यात व्यवस्थेचा ध्वनी आहे. पोर्तुगीज संपर्कातून आलेल्या ‘इगर्जी’ या शब्दात मुख्यतः इमारत आहे. तीन शब्द, तीन कल्पना. यांपैकी दृष्टान्तांच्या जवळ कोणती, याचा निर्णय शब्दकोशातून होणार नाही. त्यासाठी दृष्टान्त हा रूपबंध काय करतो आणि त्याचे अर्थनिर्णयन कोणी, कोठे व कशासाठी केले, हे पाहावे लागेल. प्रस्तुत लेखात ठाणे-कल्याण हा परिसर त्या दृष्टीने निवडला आहे. कारण येथे मंडळी एकदा नव्हे, अनेकदा आली.

२

मराठी वाचकाला दृष्टान्त परका नाही. चक्रधरांच्या निरूपणातील ११४ दृष्टान्त केसोबासाने ‘दृष्टान्तपाठा’त संकलित केले, तेव्हा त्याने प्रत्येकाला तीन अंगे दिली : सूत्र, दृष्टान्त आणि दार्ष्टान्तिक. गोष्ट चक्रधरांची, तिचा लागू होणारा अर्थ सांगणारे दार्ष्टान्तिक केसोबासाचे. गुरू गेल्यानंतर पंथाला गोष्ट पुरत नाही, तिचा निश्चित अर्थही हवा असतो, याचा याहून स्वच्छ पुरावा मराठीत शोधून सापडणार नाही.

शुभवर्तमानांतही हेच घडलेले दिसते. पेरणाऱ्याच्या गोष्टीमागोमाग तिचा उलगडा येतो : खडकाळ जमीन म्हणजे अमुक, काटेरी जमीन म्हणजे तमुक. गव्हातल्या निदणाच्या गोष्टीलाही असाच उलगडा जोडलेला आहे. आडोल्फ यूलिशरने १८८८ पासून आणि पुढे डॉड (१९३५) व येरेमियास (१९४७) यांनी असा विचार मांडला की हे उलगडे बहुतांशी आद्य मंडळीच्या गरजेतून घडले असावेत. आपल्या परिभाषेत म्हणायचे तर दृष्टान्त येशूचा आणि दार्ष्टान्तिक मंडळीचे. म्हणून दृष्टान्त मंडळीविषयी काय सांगतात या प्रश्नाइतकाच, मंडळीने दृष्टान्तांचे काय केले हा प्रश्नही महत्त्वाचा ठरतो.

मार्काच्या चौथ्या अध्यायात एक कठोर विधान आहे. आतल्यांना राज्याचे गूढ दिले आहे, बाहेरच्यांच्या वाट्याला मात्र सारे दृष्टान्तरूपाने येते, आणि ते पाहूनही त्यांना उमजत नाही. फ्रँक कर्मोडने १९७९ साली या विधानावर आख्यानाच्या गूढतेची मीमांसा उभारली. महानुभावांनीही आपले ग्रंथ सांकेतिक लिपीत बंद केले होतेच. मात्र मार्काच्या संहितेत एक गंमत आहे. ज्यांना आतले म्हटले, ते शिष्यच पुढे वारंवार चुकतात, घाबरतात, पळून जातात. आणि वधस्तंभापाशी येशूला ओळखणारा निघतो तो एक रोमी शतपती, म्हणजे पूर्णतः बाहेरचा. संहिता वेस आखते आणि स्वतःच ती पुसून टाकते.

मत्तयाच्या अठराव्या अध्यायाची रचना तर अधिकच विचार करायला लावणारी आहे. ‘मंडळी’ हा शब्द येथे शिस्तीच्या संदर्भात येतो : अपराधी बंधूला आधी एकांतात सांगावे, मग दोघातिघांसमक्ष, मग मंडळीपुढे, तरीही न ऐकल्यास त्याला परका समजावे. बहिष्काराची ही कार्यपद्धती स्वतंत्रपणे वाचली तर कोणत्याही जातपंचायतीला शोभेल. पण तिच्या आधी आहे हरवलेल्या मेंढराचा दृष्टान्त आणि नंतर आहे स्वतःचे प्रचंड कर्ज माफ झाल्यावरही दुसऱ्याच्या क्षुल्लक देण्यासाठी त्याचा गळा धरणाऱ्या चाकराचा. शिवाय ज्यांना परके समजायचे ते जकातदार, त्यांच्यासोबत तर येशू जेवायला बसत असे. दोन दृष्टान्तांच्या चिमट्यात नियम धरला गेला आहे. नियम रद्द झालेला नाही, पण तो वापरणाऱ्याचा हात कापावा अशी योजना झाली आहे.

३

आता ठाणे-कल्याणकडे वळू. सहाव्या शतकातला ग्रीक प्रवासी कॉस्मस ‘कल्लियाना’ येथे इराणातून अभिषिक्त होऊन आलेला बिशप असल्याची नोंद करतो. हे स्थळ कोणते याविषयी मतभेद आहेत, परंतु अनेक अभ्यासकांनी ते आपले कल्याण मानले आहे. त्यानंतरचा ठळक पुरावा ठाण्याचा आहे. १३२१ च्या एप्रिलमध्ये तोलेंतिनोचा थॉमस, पाडुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि दिमित्री हे चार फ्रान्सिस्कन येथे मारले गेले. काझीपुढील धार्मिक वाद त्यांच्या जिवावर बेतला. त्यांचा सोबती जॉर्डानस त्या वेळी अन्यत्र गेलेला असल्याने वाचला. थोड्याच काळाने ठाण्यास आलेल्या ओदोरिक या प्रवाशाने त्यांच्या अस्थी पुढे नेल्या. गावात नेस्तोरियन ख्रिस्त्यांची पंधरा घरे असल्याचे त्यानेच लिहून ठेवले आहे. आणि लगेच त्यांना पाखंडीही म्हटले आहे.

ही पंधरा घरे मला त्या चार हुतात्म्यांइतकीच महत्त्वाची वाटतात. परदेशातून आलेल्या चौघांना आसरा मिळाला तो याच वस्तीत. म्हणजे ज्यांच्या छपराखाली हे साधू उतरले, त्यांनाच त्यांच्या परंपरेने निदण ठरवले होते. निदणाच्या दृष्टान्तात मालक चाकरांना उपटण्याची मनाई का करतो? निदण निरुपद्रवी असते म्हणून नव्हे, तर चाकरांची नजर खात्रीची नसते म्हणून. भाताची बेणणी केलेल्या कोणालाही हे ठाऊक आहे. कोवळेपणी काही तण रोपासारखेच दिसते. मालकाचा शेतावरचा हक्क आणि चाकराचे अज्ञान, या दोहोंवर दृष्टान्ताचा भर आहे. मंडळी येथे शेत तरी आहे किंवा चाकर तरी. मालक मात्र नाही.

या दृष्टान्तावरूनच ४११ साली कार्थेज येथे मोठा वाद झाला. शुद्ध मंडळीचा आग्रह धरणारे दोनातवादी म्हणाले, शेत म्हणजे जग असे संहितेतच सांगितले आहे, तेव्हा हा न्याय मंडळीला लावू नका. जाळ्याच्या दृष्टान्ताबाबत त्यांचा युक्तिवाद असा, की वाईट मासे जाळ्यात असतात खरे, पण पाण्याखाली असेपर्यंत ते कोळ्याला दिसत नाहीत. मूळ ग्रीक शब्द किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याचा आहे. आपल्याकडची रापण ती हीच. रापण ओढताना मासा निवडता येत नाही, निवड होते ती काठावर. ऑगस्टीनने या दृष्टान्तांच्या आधारे मंडळी ही बऱ्यावाइटाची सरमिसळ असल्याचे ठामपणे मांडले. पण त्याच ऑगस्टीनने लूकाच्या चौदाव्या अध्यायातील पंगतीचा दृष्टान्त मात्र वेगळ्या कामी लावला. यजमान चाकराला कुंपणाकडेच्या लोकांना आग्रह करकरून आत आणायला सांगतो. त्या आग्रहात ऑगस्टीनला राज्यसत्तेच्या बळाचे समर्थन सापडले. एकाच वाचकाने एका गोष्टीतून संयम काढला आणि दुसरीतून सक्ती.

४

त्या सक्तीची छाया आपल्या किनाऱ्यावरही पडली. १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांच्या हाती आली आणि साष्टीसह ठाण्यावरही त्यांचा अंमल बसला. मंडपेश्वरच्या शैव लेण्याचे ख्रिस्ती प्रार्थनास्थळ झाले. गोव्यात अनाथ हिंदू मुले ख्रिस्ती संस्थांच्या ताब्यात देण्याचे कायदे झाले आणि १५६० मध्ये इन्क्विझिशन आले. हे सर्व एका दृष्टान्ताच्या चुकीच्या वाचनामुळे घडले असे म्हणणे भाबडेपणाचे होईल; त्यामागे साम्राज्य, जमीन आणि व्यापार होता. धर्मांतरित झालेला प्रत्येक जण बळानेच झाला असेही म्हणता येत नाही. परंतु पंगतीच्या गोष्टीत यजमान ज्यांना बोलावतो ते पांगळे, आंधळे, दरिद्री, म्हणजे परतफेड करू न शकणारे आहेत, आणि चाकराच्या हातात आमंत्रणाखेरीज काही नाही. त्याच्या हाती कायदा व शस्त्र आले की पंगत उरत नाही, गणती उरते.

याच काळात दुसरे वाचनही घडत होते. १५७९ मध्ये गोव्यास आलेल्या थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने शुभवर्तमानाची कथा मराठी ओवीत सांगितली. १६१६ मध्ये राचोलला छापलेल्या त्याच्या ‘क्रिस्तपुराणा’त सुमारे अकरा हजार ओव्या आहेत. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांची पुराणे हिरावली गेली होती. त्यांना पुन्हा पुराणच दिले पाहिजे, हे त्याने ओळखले. तो सत्तेच्या छत्राखालीच लिहीत होता, हे विसरू नये. तरीही त्याने श्रोत्याला आपल्या भाषेत ओढण्याऐवजी स्वतः श्रोत्याच्या भाषेत प्रवेश केला. हे खमिराचे काम. ते पिठात दिसेनासे होते म्हणूनच पीठ फुगते. पुढे १६८४ मध्ये गोव्याच्या सत्तेने देशी भाषेच्या जागी पोर्तुगीज आणण्याचा हुकूम काढला, तेव्हा सत्तेला खमीर नको होते, साचा हवा होता.

१७३७ मध्ये ठाणे आणि १७३९ मध्ये वसई मराठ्यांनी घेतली. राजाश्रय गेला, पण मंडळी राहिली. ती केवळ सक्तीवर उभी असती तर सक्तीबरोबरच ओसरायला हवी होती. साष्टी-वसईच्या कोळी-आगरी वस्त्यांतून ती टिकली, हे चाकरांच्या कर्तबगारीचे नव्हे, तर मालकाच्या शेताचे लक्षण मानावे लागेल. १८२५ मध्ये ठाण्याच्या सेंट जेम्स चर्चचे समर्पण बिशप हेबरच्या हस्ते झाले. आता मासुंदा तलावाकाठची जुनी कॅथलिक मंडळी आणि इंग्रज अंमलदारांची अँग्लिकन मंडळी एकाच गावात होत्या, आणि त्यांच्यामध्येही वेस होती.

५

या इतिहासाला खरा साहित्यिक छेद दिला तो कल्याणच्या शाळेत बसलेल्या एका मुलाने. नारायण वामन टिळकांचे प्राथमिक शिक्षण १८६९ ते १८७३ या काळात कल्याणला झाले. पुढे ते भिवंडीला व नंतर नाशिकला शिकले. १८९३ मध्ये आगगाडीच्या प्रवासात एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. डोंगरावरील प्रवचनाने त्यांना वेधले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. या निर्णयाची घरात काय किंमत मोजावी लागली ते लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’त वाचायला मिळते. पंगत, पाणी आणि शिवाशीव हे तेथे रूपक नाही. तो रोजच्या स्वयंपाकघरातला प्रश्न आहे. दृष्टान्तातली पंगत मराठी समाजात उतरते तेव्हा ती आधी जातीच्या पाटावर येऊन अडखळते. तो अडखळा मंडळीच्या दाराबाहेरच राहिला असे कोणी म्हणू नये.

टिळक सुमारे दोन दशके अमेरिकन मराठी मिशनच्या सेवेत राहिले. १९१७ मध्ये त्यांनी ती नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ ही कल्पना पुढे ठेवली. या दरबारात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त बंधुत्वाने एकत्र यावेत, अशी त्यांची इच्छा होती. ९ मे १९१९ रोजी त्यांचे निधन झाले आणि दरबार रुजण्याआधीच ओसरला. टीकाकारांनी यात कवीची भावविवशता पाहिली. बाप्तिस्मा वगळला तर मंडळी कोठे सुरू होते, हा त्यांचा आक्षेप खोटा नव्हता. वेस नसलेल्या गावाला नावही राहत नाही.

मला मात्र वाटते की टिळकांनी वेस मोडली नाही, ती कोणी राखावी हा प्रश्न विचारला. दृष्टान्तांतही वेस आहे. जाळ्यातला मासा निवडला जातो, निदण जाळले जाते, लग्नाचा पोशाख नसलेल्याला बाहेर काढले जाते. पण प्रत्येक वेळी ही निवड शेवटी होते आणि ती धनी करतो. चाकरांनी आधीच निवडायला घेतले की गोष्ट बिघडते. दार्ष्टान्तिक लिहिणाऱ्या प्रत्येक मंडळीला नेमकी हीच गोष्ट सांगणे जड जाते, कारण ती तिच्या अधिकाराविरुद्ध आहे. तरीही मंडळीने हे दृष्टान्त गाळले नाहीत, जपले आणि आपल्याच उपासनेत वाचत राहिली. स्वतःविरुद्धची साक्ष सांभाळून ठेवणे ही तिची सर्वांत मोठी प्रामाणिकता होय.

१९८८ मध्ये केरळातून आलेल्या सिरो-मलबार ख्रिस्त्यांसाठी कल्याण या नावाचा धर्मप्रांत स्थापन झाला. ज्या पूर्व-सिरियाई परंपरेचा बिशप कॉस्मसने ‘कल्लियाना’त नोंदवला, तिचाच वारसा नोकरीधंद्यासाठी कल्याण-डोंबिवलीत आलेल्या कुटुंबांबरोबर येथे आला. ओदोरिकच्या लेखी जी घरे पाखंडी होती, त्यांच्या परंपरेतील उपासनापद्धती आता त्याच्याच रोमशी ऐक्य असलेल्या मंडळीत चालते. मालकाची मनाई डावलून निदण त्या वेळी उपटले गेले असते, तर किती गहू गेला असता याचा हिशेब चौदाव्या शतकातल्या कोणत्याही चाकराला करता आला नसता. तो आजच्या चाकरालाही येत नाही.