खाणीच्या तोंडाशी एक उमेदवार

पर्यावरण आणि आरोग्य यांचा संबंध अभ्यासणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना काही आठवडे वर्गाबाहेर पाठवतात. कुणी कारखान्यातली धूळ मोजतो, कुणी वस्तीतल्या पाण्याचे नमुने घेतो. याला इंटर्नशिप म्हणतात. आपला जुना शब्द उमेदवारी. अभ्यासक्रम भरगच्च असताना हा वेळ कशासाठी घालवायचा, असे विद्यार्थीच काय, शिक्षकही विचारतात. उत्तरासाठी आपण थोडे इतिहासात डोकावू.

जॉन स्नो १८१३ साली इंग्लंडमधल्या यॉर्क शहरात जन्मला. चौदाव्या वर्षी तो न्यूकॅसल येथे विल्यम हार्डकॅसल या शल्यवैद्याकडे उमेदवार म्हणून राहिला. १८३१ च्या ऑक्टोबरात कॉलरा जवळच्या संडरलंड बंदरात आला आणि वर्षअखेरीस न्यूकॅसललाही पोचला. किलिंगवर्थच्या कोळसाखाणीतल्या आजाऱ्यांकडे पाहण्यासाठी अठरा वर्षांच्या स्नोला पाठवण्यात आले. त्याच्याजवळ गुणकारी औषध नव्हते. तेव्हा ते कुणाजवळच नव्हते.

घाणीतून निघणारी दूषित हवा श्वासावाटे शरीरात शिरते आणि कॉलरा होतो, असे त्या काळचे बहुतेक डॉक्टर मानत. स्नोला हे पटले नाही. १८४९ साली त्याने पुस्तिका काढून साधा मुद्दा मांडला: रोगाची सुरुवात आतड्यात होते, फुप्फुसात नाही, मग विष श्वासातून नव्हे, तोंडावाटे पोटात जात असले पाहिजे. १८५५ च्या विस्तारित आवृत्तीत खाणकामगार पुन्हा भेटतात. लीड्सजवळच्या खाणीची माहिती स्नोने एका नातेवाइकाकडून मिळवली होती. कामगार आठ-नऊ तास जमिनीखाली असतात, तिथे शौचालय नाही, हात धुण्याची सोय नाही आणि बरोबर नेलेली भाकरी ते तशाच हातांनी खातात. उमेदवारीत पाहिलेल्या माणसांचे कोडे दोन तपांनंतर असे सुटत होते.

त्याआधी, १८५४ च्या ऑगस्टअखेरीस लंडनच्या ब्रॉड स्ट्रीट परिसरात कॉलरा उसळला. दहा दिवसांत पाचशेहून अधिक माणसे दगावली. स्नो घरोघर फिरला. मेलेल्यांची चौकशी केलीच, पण न मेलेल्यांचीही केली! जवळच्या अनाथ-गरिबांच्या आश्रमात ५३५ माणसे होती. त्यांतली फक्त पाच दगावली. तिथे स्वतःची विहीर होती. त्याच रस्त्यावरच्या दारूभट्टीतल्या सत्तराहून अधिक कामगारांपैकी कुणीही दगावले नाही. तेही रस्त्यावरच्या पंपाचे पाणी पीत नसत. हवा मात्र सगळ्यांची एकच होती. ८ सप्टेंबरला त्या पंपाचा दांडा काढण्यात आला. साथ तोवर ओसरू लागली होती, हे स्नोनेच प्रामाणिकपणे नोंदवले आहे. दांड्याची गोष्ट सांगताना आपण हा भाग बहुधा गाळतो.

स्नो १८५८ साली वारला, तेव्हाही बहुतेकांना त्याचे म्हणणे पटलेले नव्हते. रॉबर्ट कॉखने कलकत्त्यात कॉलऱ्याच्या जंतूचा माग पक्का केला तो १८८४ साली.

पुढे १९५१ मध्ये अमेरिकेत अलेक्झांडर लँगम्युअर यांनी साथींचा शोध घेणाऱ्यांसाठी दोन वर्षांचे प्रत्यक्ष कामातले प्रशिक्षण सुरू केले. त्याचे बोधचिन्ह मोठे बोलके आहे: पृथ्वीच्या गोलावर झिजून भोक पडलेला बुटाचा तळवा.

किलिंगवर्थला स्नो फारसे कुणाला वाचवू शकला असेल, असे आम्हाला वाटत नाही. उमेदवारीत उत्तर मिळतेच असे नाही. पण कोणत्या प्रश्नाशी माणसांचे जगणे-मरणे बांधलेले आहे, ते तिथे दिसते. आपल्या विद्यार्थ्यांनाही एवढे सांगून पाहू: गावात पोटाचे आजार झाले, तर आजारी पडलेली घरे मोजा, मग न पडलेल्या घरी जाऊन विचारा, तुम्ही पाणी कुठले पिता?