घरातील वाय-फायला कुलूप हवेच

साताऱ्याच्या सदरबझारमध्ये किंवा सांगलीच्या विश्रामबागमध्ये मोबाइलवर वाय-फायची यादी उघडली, की शेजारपाजारच्या जोडण्यांची नावे दिसू लागतात. बिनतारी लहरी भिंतीपाशी थांबत नाहीत. जोडणी खुली असेल, तर जिन्यात उभा असलेला अनोळखी इसमही तिचा वापर करू शकतो. त्याच्या कृत्याची चौकशी मात्र जोडणी ज्याच्या नावावर आहे, त्याच्यापासून सुरू होते.

याचा प्रत्यय २००८ मध्ये आला. २६ जुलै रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोट होण्याच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ई-मेल आला. त्याचा माग नवी मुंबईतील सानपाडा येथे राहणाऱ्या एका अमेरिकन नागरिकाच्या घरापर्यंत पोहोचला. त्याच्या असुरक्षित वाय-फायचा दुसऱ्यांनीच गैरवापर केला होता. तरीही त्याला चौकशीला सामोरे जावे लागले. त्यानंतर फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने वाय-फाय सुरक्षित ठेवण्याबाबत सेवा कंपन्यांना सूचना दिल्या.

काय करावे?

* राउटरच्या सेटिंगचा पासवर्ड प्रथम बदलावा. कारखान्यातून आलेला पासवर्ड अनेकदा सर्वांना ठाऊक असतो. हा पासवर्ड आणि वाय-फायचा पासवर्ड वेगवेगळे ठेवावेत.

* सुरक्षेच्या पर्यायांत 'डब्ल्यूपीए-३' निवडावा. तो नसल्यास 'डब्ल्यूपीए-२' (एईएस). 'डब्ल्यूईपी' ही पद्धत २००१ मध्येच भेदली गेली असल्याने ती वापरू नये.

* वाय-फायचा पासवर्ड किमान पंधरा अक्षरांचा असावा. मोबाइल क्रमांक, जन्मतारीख, मुलांची नावे टाळावीत. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द जोडले, तर लक्षातही राहतात.

* 'डब्ल्यूपीएस' बंद करावे. त्याचा आठ अंकी पिन सुमारे अकरा हजार प्रयत्नांत सापडू शकतो, हे २०११ मध्ये उघड झाले.

* पाहुण्यांसाठी स्वतंत्र 'गेस्ट' जोडणी ठेवावी. सीसीटीव्ही कॅमेरे, स्मार्ट टीव्हीही शक्यतो तिच्यावरच असावेत.

* राउटरचे सॉफ्टवेअर वेळोवेळी अद्ययावत करावे.

वाय-फायचे नाव लपवणे, हा मात्र भरवशाचा उपाय नव्हे. साध्या साधनांनीही ते शोधता येते.

महिन्यातून एकदा राउटरला जोडलेल्या उपकरणांची यादी पाहावी. अनोळखी उपकरण आढळल्यास पासवर्ड तत्काळ बदलावा. राउटर केबलवाल्याने बसवून दिला असेल, तर हे बदल त्याच्याकडून समजून घ्यावेत. नवा पासवर्ड मात्र स्वतःच टाकावा.