ळ, कॉम्पॅक आणि पुण्याचं एक कार्ड

इंग्रजीत आमच्या गावाचं नाव लिहिलं की ळ गळतो. बाहेरचा माणूस बिनधास्त 'शेलगाव' वाचतो. (इंदापूर तालुक्यातलं शेळगाव हो, गावाकडच्या मंडळींना सांगायला नकोच.) हा ळ कॉम्प्युटरवर कसा आला, ती गोष्ट मात्र पार अमेरिकेतून सुरू होते.

आयबीएमने आपला पीसी १२ ऑगस्ट १९८१ रोजी जाहीर केला. घाईत बनवलेला, त्यामुळे प्रोसेसर इंटेलचा, डॉस मायक्रोसॉफ्टची. खास स्वतःचं म्हणावं असं एकच, बायोस नावाचा चिपमधला छोटा प्रोग्राम. कॉम्पॅकने तो उतरवून घेतला नाही. एका गटाने बायोस काय काय करतो ते लिहून काढलं आणि मूळ कोड कधीच न पाहिलेल्या दुसऱ्या गटाने त्यावरून नवा लिहिला! १९८३ मध्ये कॉम्पॅक पोर्टेबल विकायला आला. पोर्टेबल म्हणे... वजन सुमारे १३ किलो! तरी पहिल्या वर्षी ५३,००० नग खपले. मग बाकीचेही या धंद्यात उतरले.

भारतातून आयबीएम १९७८ मध्येच निघून गेली होती. १९८४ मध्ये सरकारचं धोरण सैल झालं आणि इथे पसरले ते हे 'कंपॅटिबल'. त्यात जादा कार्ड बसवायला रिकामे स्लॉट असत. आयआयटी कानपूरमध्ये भारतीय लिप्यांवर काम चाललं होतं, त्यात मोहन तांबे होते. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक सुरू झाली आणि ते काम तिथे आलं. त्यातलंच हे जिस्ट कार्ड. स्लॉटमध्ये खोचलं की इंग्रजीसाठी लिहिलेले डॉसचे प्रोग्राम देवनागरी दाखवू लागत. प्रोग्रामला पत्ताच नाही! इंग्रजी अक्षरांना १२७ पर्यंतचे आकडे लागत, उरलेल्या वरच्या अर्ध्यात आपली अक्षरं बसवली. त्या इस्की संकेतात शेळगाव म्हणजे श, एक मात्रा, ळ, ग, एक काना, व. सहा बाइट, बस्स. आज युनिकोडच्या नेहमीच्या यूटीएफ-८ साठवणीत त्यालाच अठरा लागतात.

आयबीएमची पकड पक्की राहिली असती तर हे कार्ड इतक्या स्वस्तात कुठे बसवलं असतं, असं मला वाटतं. असो. डॉस गेली, कार्डंही गेली. पण युनिकोडने देवनागरीची मांडणी १९८८ च्या इस्कीवरूनच घेतली. म्हणून आज मोबाइलमध्येही ल च्या लगेच पुढच्या नंबरावर ळ बसलेला आहे.