कुत्र्याचे पिल्लू घरी आणल्यावर

कॉटन ग्रीनसारख्या गोदामांच्या वस्तीत पिल्लू आणणार असाल, तर उंदीर आणि पावसाचे पाणी या दोन गोष्टी आधीच लक्षात घ्या. त्यांच्याकडे नंतर येऊ.

पहिल्या दोन-तीन दिवसांत पिल्लाला पशुवैद्याकडे न्या. परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट पशुरुग्णालय आणि १८८६ साली सुरू झालेले मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, त्यामुळे लांब जावे लागत नाही. पिल्लू मांडीवर किंवा पिशवीत घेऊन जा. दवाखान्याच्या जमिनीवर सोडू नका.

जंत बहुतेक पिल्लांना आईकडूनच मिळतात. म्हणून जंतनाशक औषध दोन आठवड्यांच्या वयापासून दर पंधरा दिवसांनी आणि दोन महिन्यांनंतर दर महिन्याला, सहा महिन्यांचे होईपर्यंत देतात. मात्रा वजनावर ठरते, अंदाजाने देऊ नका. हे जंत लहान मुलांनाही होऊ शकतात, तेव्हा पिल्लाशी खेळून झाल्यावर हात धुण्याची सवय लावा.

लसीकरण साधारण सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू होते. "एक सुई झाली, पुरे ना?" असे पालक नेहमी विचारतात. पुरत नाही. आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती काही काळ लसीचा परिणाम दाबून टाकते आणि ती नेमकी कधी ओसरेल हे प्रत्येक पिल्लात वेगळे असते. म्हणून दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवड्यांपर्यंत, डोस द्यावे लागतात. तोवर पिल्लाला रस्त्यावर फिरवू नका. पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन् महिने टिकतो. उलट्या, रक्ताचे जुलाब आणि खाणे बंद झाले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. सकाळपर्यंत थांबू नका. रेबीजची लस तीन महिन्यांनंतर देतात, पुढे पशुवैद्य सांगतील तशी दरवर्षी.

आता उंदीर. लेप्टोस्पायरोसिसचे जंतू उंदराच्या मूत्रातून साचलेल्या पाण्यात येतात. लालबाग-परळच्या सखल भागांत पाणी तुंबते तेव्हा पिल्लाला त्यातून चालवू नका आणि डबक्यातले पिऊ देऊ नका. लेप्टोची लस आठ आठवड्यांनंतर, दोन डोसांत मिळते. ती सर्व प्रकारांपासून वाचवत नाही, तरी पावसाळ्यापूर्वी पूर्ण करावीच. ताप, मरगळ, उलट्या, पिवळे डोळे दिसल्यास तपासणी करा. आजारी कुत्र्याचे मूत्र साफ करताना हातमोजे घाला, कारण हा आजार माणसालाही होतो.

खाण्यात चॉकलेट, कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका नकोत. माणसांची क्रोसिन किंवा ब्रुफेन तर अजिबात देऊ नका. गोचिडी रोज कान आणि बोटांच्या बेचक्यांत तपासा.

पिल्लाने चावले किंवा ओरखडले, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा. हळद, चुना, तिखट काही लावू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. "घरचेच आहे, लहान आहे" म्हणून लस पुढे ढकलू नका. लहान पिल्लांनाही रेबीज होतो.